लीव्हरचं जुनं एअर पिस्तूल घेताना: नळीच्या आधी हवा तपासा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत 10 मीटर पिस्तूल शूटिंग सुरू केलं की क्लबात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "थेट पीसीपी घे, मेडल त्यावरच येतं." (पीसीपी म्हणजे आधीच दाबलेली हवा सिलिंडरमध्ये भरून चालणारं पिस्तूल.) दुसरा, "अमक्याचं लीव्हरवालं कपाटात पडलंय, स्वस्तात मिळेल." दुसरा सल्ला अजिबात वाईट नाही. पीसीपीच्या 200 बारच्या सिलिंडरवर तारीख असते आणि बहुतेक युरोपियन कंपन्या ती उत्पादनापासून 10 वर्षांची धरतात. लीव्हरच्या पिस्तुलाला ना असा भरलेला सिलिंडर लागतो, ना पंप, ना मुदत. पण विकणारा नेहमी नळी दाखवतो, चकचकीत पॉलिश दाखवतो, आणि घेणाराही तेच बघून पैसे मोजतो. 4.5 मिमीची नळी एअर पिस्तुलात सहसा झिजत नाही. शिशाचा मऊ पेलेट आणि ना दारू ना उष्णता, मग झिजणार कशाने? झिजतात ती सीलं, पिना आणि ट्रिगरचा सिअर, म्हणजे शॉट सुटेपर्यंत यंत्रणा अडवून धरणारा खटका. किंमत त्यांच्यावरून ठरवायची.

आधी समोर काय आहे ते ओळखा, कारण "लीव्हरवालं" म्हणून वेगवेगळ्या जातीची यंत्रं एकाच भावात सांगितली जातात. पहिली जात स्प्रिंगची. लीव्हर ओढला की स्प्रिंग दाबली जाते, ट्रिगर ओढल्यावर पिस्टन धावतो आणि त्याच क्षणी हवा दाबतो. फाइनवेर्कबाऊ 65 हे यातलं सर्वांत नावाजलेलं. 1965 पासून बनलेलं, बाजूच्या लीव्हरचं. स्प्रिंगचा धक्का हातापर्यंत पोचू नये म्हणून त्याची अख्खी यंत्रणा रुळांवर मागे सरकते. दुसरी जात सिंगल स्ट्रोक न्यूमॅटिक. यात स्प्रिंग नाही. लीव्हर उघडताना सिलिंडरमध्ये हवा येते, मिटताना ती दाबली जाते आणि ट्रिगर ओढेपर्यंत दाबलेलीच राहते. वाल्थर एलपी 2 आणि एलपी 3, फाइनवेर्कबाऊ 100 ते 103, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त हात बदललेलं रशियाच्या इझेव्स्कचं आयझेडएच-46 आणि 46एम, म्हणजेच निर्यातीत बायकाल नावाने गेलेलं, ही सगळी याच जातीची. एचडब्ल्यू 40 सारखी वरचा भाग उचलून दाबायची पिस्तुलंही तत्त्वाने हीच, पण ती टाइमपासची. स्पर्धेच्या पिस्तुलाशी त्यांची तुलना नको.

यापुढे मुख्यतः 46एम डोळ्यांसमोर ठेवून लिहितो, कारण तेच बाजारात दिसतं. "एम" असण्याला अर्थ आहे. साध्या 46 पेक्षा त्याचा दाब सिलिंडर लांब आहे, त्यामुळे वेग जास्त. तब्येत ठीक असेल तर 0.45 ग्रॅमचा पेलेट सेकंदाला साधारण 140 ते 150 मीटरने सुटतो. ऊर्जा काढली तर जेमतेम पावणेपाच ज्यूल.

क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) नसेल तर सौदा पुढच्या रविवारवर ढकला. क्लबात कुणाकडे तरी असतोच. एकाच डब्यातले पेलेट, एकाच पद्धतीने लीव्हर, सलग दहा शॉट, आणि दहाही आकडे वहीत लिहायचे. सरासरी नव्हे, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतला फरक बघायचा. हे का, ते गणितानेच कळतं. 145 मीटर वेगाने 10 मीटर जायला पेलेटला सुमारे 0.069 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो साधारण 23 मिमी खाली येतो. वेग 125 असेल तर 0.08 सेकंद, आणि घसरण 31 मिमी. फरक 8 मिमी. एअर पिस्तूलच्या टार्गेटवर एका रिंगेतून दुसरीत जायचं अंतरही नेमकं 8 मिमीच. (पेलेट वाटेत थोडा मंदावतो, तेव्हा आकडे ढोबळ धरा.) आता जे पिस्तूल कायम 125 देतं त्याची साइट (नेम धरायचं निशाण) वर करून काम भागतं. जे एकदा 145 आणि एकदा 130 देतं त्याला कुठलीही साइट वाचवू शकत नाही. म्हणून 125 वर ठाम असलेलं पिस्तूल मी घेईन, सरासरी 142 पण वीस मीटरने नाचणारं नाही. दहा शॉटमध्ये पाच मीटरच्या आत फरक असेल तर उत्तम. त्याहून जास्त असेल तर आधी स्वतःचा हात तपासा.

हात म्हणजे लीव्हर मिटायची पद्धत. लीव्हर पूर्ण, शेवटपर्यंत उघडायचा, एक सेकंद थांबायचं म्हणजे सिलिंडर हवेने पूर्ण भरतो, मग एकाच सावकाश गतीत मिटायचा. जोर मिटताना लागतो, आणि शेवटच्या काही अंशांत सर्वांत जास्त. सायकलच्या पंपाची नळी बोटाने दाबून दट्ट्या ढकलल्यावर लागतो तसा. अर्ध्यावर सोडला तर तो उलटा झेपावतो, नख काळं होतं आणि पिन वाकते. घाईघाईत अर्धवट उघडून मिटलेला लीव्हर हे वेग नाचण्याचं सर्वांत साधं कारण आहे, आणि त्यापायी बऱ्याच चांगल्या पिस्तुलांचं सील उगाच बदललं गेलंय.

हात ठीक असेल तर पुढची परीक्षा हवा धरण्याची. हवा भरून लगेच शॉट, आकडा लिहा. पुन्हा हवा भरून एक मिनिट थांबा, शॉट. मग पाच मिनिटं थांबून शॉट. एका मिनिटात आकडा जवळपास तोच हवा. पाच मिनिटांत थोडा उतरला तर चालतं, कारण हवा दाबताना तापते आणि थंड झाल्यावर दाब किंचित उतरतोच. एका मिनिटातच दहा-पंधरा मीटर गेले तर गळती आहे.

गळती नेमकी कुठे हे कळलं पाहिजे, कारण एक दुरुस्ती शंभर-दोनशे रुपयांची ओ-रिंग असते आणि दुसरी डोकेदुखी. ज्या मॉडेलमध्ये लीव्हर मिटल्यावरही ब्रीच (नळीची मागची, पेलेट घालायची बाजू) उघडी ठेवता येते, तिथे पेलेट न घालता हवा भरा. नळी बॅकस्टॉपकडे (टार्गेटमागची पेलेट अडवणारी भिंत), बोट ट्रिगरपासून लांब. ब्रीचमध्ये हवा जिथून बाहेर येते त्या बारीक भोकावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडा आणि टॉर्च मारून बघा. थेंबात बुडबुडे उठत असतील तर व्हॉल्व्ह गळतोय. थेंब स्तब्ध आहे, तरीही वेग उतरतोय, म्हणजे पिस्टनची ओ-रिंग. तिसरी जागा ब्रीचचं सील, आणि ते फक्त शॉटच्या क्षणी गळतं. त्यासाठी ब्रीचच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी आडवी ठेवून टार्गेटवर एक शॉट घ्या. पट्टी उडाली तर सील बसकं झालंय. कान किंवा गाल नळीच्या तोंडाजवळ नेऊन गळती ऐकणारे महाभाग दिसतात. त्यांच्या हातून पिस्तूल काढून घ्यावं.

चौथी शक्यता लोकांना सुचतच नाही. ओ-रिंग नवी, व्हॉल्व्ह कोरडा ठणठणीत, हवा तासभर टिकते, तरी वेग 120. अशा वेळी लीव्हर अर्धा उघडा ठेवून तो डावी-उजवीकडे हलवून बघा. पिनेत खुळखुळ असेल तर पिस्टन शेवटपर्यंत पुढे जातच नाहीये. सिंगल स्ट्रोकमध्ये दाब हा सुरुवातीचं आणि शेवटचं घनफळ यांच्या गुणोत्तरावर ठरतो. शेवटी उरणारी जागा इतकी कमी असते की पिनेतली थोडी झीजही तिला लक्षणीय वाढवते. पिन बदलणं सोपं, पण भोक अंडाकृती झालं असेल तर लेथवाल्याकडे बुश बसवून घ्यावा लागतो. वागळे इस्टेट किंवा टीटीसी एमआयडीसीत हे काम करणारे मिळतात, मात्र काम समजावून सांगायला समोर उभं राहा आणि पिस्तूल नव्हे, सुटा केलेला लीव्हर आणि लिंकच न्या.

ओ-रिंगबद्दल एक सूचना, कारण इथे बहुतेक जण चुकतात. जुनी ओ-रिंग काढून, तिची जाडी व्हर्नियरने मोजून, तसलीच दुकानात मागितली जाते. पण जुनी रिंग वर्षानुवर्षं दाबून चपटी झालेली असते. तिचं माप म्हणजे आजाराचं माप. मोजायची ती खाच: खाचेची रुंदी, खाचेचा तळाचा व्यास आणि सिलिंडरचा आतला व्यास. या तीन आकड्यांवरून रिंगची जाडी काढा, थोडी दाबली जाईल इतकी ठेवून. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सीलच्या दुकानदाराला हे तीन आकडे दिले की तो स्वतःच ड्रॉवर उघडतो. साध्या नायट्राइलमध्ये 70 शोअर आणि 90 शोअर (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) असे दोन प्रकार मागून घ्या. 70 ची लगेच सील होते पण लवकर झिजते. 90 ची लीव्हरला जड लागते पण टिकते. सिलिंडरच्या आत बारीक ओरखडा असेल तर कुठलीच टिकणार नाही, तेव्हा रिंग बदलताना बोटाच्या टोकाने नव्हे, टॉर्चने आत बघा. बोटाला ओरखडा लागत नाही, रिंगेला लागतो.

सिलिंडरमध्ये फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही रिंगेवर चकाकी येईल इतकंच. लीव्हरच्या पिनांना मात्र सिलिकॉन नको. लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते टिकत नाही. तिथे मॉलिब्डेनम ग्रीसचा ठिपका. शिलाई मशीनचं तेल बाहेरच्या लोखंडाला चालेल. खोबरेल कुठेच नाही. त्याचा चिकटा धरतो आणि मग व्हॉल्व्ह अडकतो.

फाइनवेर्कबाऊ 65 सारख्या स्प्रिंगवाल्याची तपासणी वेगळी. त्यात हवा धरण्याचा प्रश्नच नाही. शॉटच्या वेळी वरचा भाग रुळांवर सहज मागे जातो का, की हाताला झटका आणि स्प्रिंगचा झणत्कार जाणवतो, ते बघा. रुळांवरचं जुनं तेल सुकून गोंद झालं असेल तर धक्का हातात येतो; बऱ्याचदा नुसत्या सफाईने जातो. आतली सिंथेटिक सीलं आणि बफर वयाने भुरभुरीत होतात, आणि नळीतून काळसर कण येत असतील तर तोच इशारा. पेलेट घालताना बाजूचा लीव्हर दुसऱ्या हाताने घट्ट धरूनच ठेवायचा. सिअर सुटला तर बोट मध्ये असतं. या पिस्तुलात 500 ग्रॅमचा ट्रिगर खटका बदलून 1360 ग्रॅमचा करता येतो. तो खटका चालतो का, हेही बघून घ्या.

नळीकडे शेवटी या. तिथे एकच जागा महत्त्वाची, पुढचं तोंड, म्हणजे क्राउन. इअरबड घेऊन कडेवर आतून बाहेर, गोल फिरवत ओढा. कापसाचा धागा जिथे अडकतो तिथे बर, म्हणजे धातूचा बारीक कंगोरा, आहे. पडल्यामुळे किंवा सफाईची सळई पुढून घातल्यामुळे होतो, आणि पेलेट बाहेर पडताना एका बाजूने हवा आधी निसटते म्हणून ग्रुप (टार्गेटवरचा भोकांचा पुंजका) एकीकडे झुकतो. पितळी ब्रश या नळीत कधीच नको. फेल्टचे पेलेट दोन-तीन ढकलले की पुरे. मग टेकून पाच शॉटचे ग्रुप घ्या, चपट्या तोंडाच्या निदान तीन ब्रँडच्या पेलेटनी. चांगलं 46एम आवडत्या पेलेटने पाच शॉटचं एकच फाटकं भोक करतं, बाहेरून मोजलं तर दहाच्या 11.5 मिमी रिंगेत झाकलं जाईल असं. ब्रँड बदलला की ग्रुप दुप्पट होणं नवलाचं नाही; नळीला दोष देण्याआधी डबा बदला.

ट्रिगरचं वजन नियमात किमान 500 ग्रॅम. तपासणी होते ती पिस्तूल उभं, नळी आकाशाकडे करून, ट्रिगरला लटकवलेलं वजन टेबलावरून उचलून. घरी करायचं तर किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन चालतं, पण हूक आणि दोरी धरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकूण किती होतं ते आधी बघा. सेटिंग नेमकं 500 वर ठेवू नका. 520-530 ठेवलं तर स्पर्धेच्या दिवशी धाकधूक नाही. 46एमचा ट्रिगर भरपूर स्क्रूंनी जुळवता येतो, आणि नेमकं म्हणूनच जुन्या पिस्तुलात तो कुणीतरी बिघडवलेला असतो. पहिला टप्पा, मग स्पष्ट भिंत, मग तुटणं (शॉट सुटणं), असं जाणवलं पाहिजे. हवा न भरता ट्रिगर चढवून पिस्तुलाच्या बाजूला तळहाताने दोन-चार थापा मारा. आपोआप सुटला तर दुसऱ्या टप्प्याची पकड फार उथळ केली आहे, किंवा सिअर गोल झालाय. स्क्रूने सुधारलं तर ठीक. नाही सुधारलं तर ते पिस्तूल रेंजवर नेण्याच्या लायकीचं नाही, संग्रहात ठेवा.

मापांचंही बघा. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे पिस्तूल 420 × 200 × 50 मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे आणि 1500 ग्रॅमच्या आत हवं. 46एम स्वतःच 420 मिमी लांब आहे. आधीच्या मालकाने पुढे वजन किंवा नळीला काही नळकांडं लावलं असेल तर ते आधी काढायचं.

आता रेंज आणि संग्रह यांची खरी भांडणं. रेंजसाठी लाकडी ग्रिप हाताला बसली पाहिजे. तेव्हा कानस चालवा, लाकडाची पुट्टी भरा, तळहाताखालची शेल्फ वर घ्या. संग्राहकासाठी हेच सगळं नुकसान. उपाय कंटाळवाणा पण एकच: मूळ ग्रिप उतरवून कापडात गुंडाळून ठेवायची आणि छाटायला दुसरी बनवून घ्यायची. निळी पॉलिश फिकी झाली म्हणून पुन्हा पॉलिश करून घेणारे पिस्तूल सुंदर करतात आणि त्याची किंमत घालवतात, कारण पॉलिशच्या चाकावर अक्षरांच्या कडा आणि कारखान्याच्या खुणा गोल होतात. तिरप्या उजेडात अंक बघा. कडा गुळगुळीत दिसल्या तर काम झालेलं आहे. कारखान्याचं टेस्ट टार्गेट, मूळ पेटी, पाने, जास्तीचे फ्रंट साइट हे सगळं असेल तर संग्राहकाने थोडे पैसे जास्त द्यावेत. रेंजवाल्याने त्यासाठी एक रुपया देऊ नये. पुरुषांची एअर पिस्तूल स्पर्धा जागतिक अजिंक्यपदात 1970 मध्ये आली आणि ऑलिम्पिकमध्ये 1988 ला, सोलला. त्या दोन तारखांच्या मधल्या काळातली पिस्तुलं माझ्या मते संग्रहाला सर्वांत रसाळ आहेत, कारण या काळात स्प्रिंगकडून दाबलेल्या हवेकडे जाण्याची धडपड त्यांच्या बांधणीत दिसते.

आणि मनू भाकरचं ऑलिम्पिक पदक बघून शूटिंग सुरू केलेल्या मुलांच्या पालकांना सांगायचं तर, 60 शॉट अधिक साइटर, म्हणजे आधीचे सरावाचे शॉट, मिळून तास-दीड तासात ऐंशीच्या आसपास वेळा लीव्हर. दर वेळी पकड सोडून पुन्हा धरायची. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा खांदा यात दमतो आणि स्कोअर शेवटच्या वीसमध्ये पडतो. त्यांच्यासाठी क्लबाचं पीसीपीच बरं. मोठ्या माणसाला मात्र हीच सक्तीची विश्रांती उपयोगी पडते. प्रत्येक शॉट नव्याने बांधायची सवय लागते.

पावसाळ्याचं वेगळं. खाडीकाठच्या ठाण्यात, बेलापूर-नेरुळला जूनपासून सप्टेंबरपर्यंत फोम लावलेल्या पेटीत पिस्तूल ठेवलं तर फोमच्या छिद्रांचे ठसे लोखंडावर उमटतात, गंजाचे. फोम ओल धरतो. पिस्तुलावर तेलाचा पातळ हात फिरवून सुती कापडात, हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास, मग पुन्हा वापरा. लाकडी ग्रिपवर पांढरी बुरशी आली तर कोरड्या कापडाने पुसून तिला एक दिवस पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, तडा जातो. हवा भरून ठेवून देणं तर कुठल्याच ऋतूत नाही.

कागदांचं थोडक्यात. शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मिमीपर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. तरी विकणाऱ्याकडून मॉडेल, क्रमांक, तारीख आणि सही असलेली पावती घ्या, ओळखपत्राची प्रत जोडा आणि दोन्ही पेटीत ठेवा. ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश वेळोवेळी निघतात, आणि लोकलच्या डब्यात लांबून बघणाऱ्याला ते खरं पिस्तूलच दिसतं. तेव्हा कुलूपबंद पेटी, क्लबाचं ओळखपत्र खिशात, पेलेट वेगळ्या कप्प्यात, आणि घरापासून फायरिंग पॉइंटपर्यंत पेटी उघडायची नाही. सौदा करायला विकणाऱ्याने स्टेशनबाहेर किंवा मॉलमध्ये बोलावलं तर नाही म्हणा, रेंजवर बोलवा. क्रोनोग्राफही तिथेच आहे.